भिंतीपलीकडचा पाला

चाकणजवळच्या त्या प्लेटिंगच्या कारखान्यात कुसुमताईंचं काम एकच, तळ्यातली जलपर्णी काढायची. मुलाम्याच्या कामातलं निकेल-क्रोमचं सांडपाणी त्या तळ्यात यायचं आणि जलपर्णी मुळांवाटे त्यातले धातू ओढून घ्यायची. तळं बांधणाऱ्या निरंजन इंजिनिअरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, विष नाहीसं होत नाही, पाण्यातून पाल्यात येतं एवढंच. काढलेला पाला शेडमध्ये ठेवा. घातक कचऱ्याची गाडी येऊन नेईल. जनावराच्या तोंडी लागू देऊ नका."

कुसुमताईंनी ते शब्द देवाचं सांगणं असल्यासारखे पाळले. शेडला कुलूप, किल्ली कमरेला. जवळपास फिरकलेल्या शेळीलासुद्धा त्या शिव्या हासडत.

मग निरंजन दुसऱ्या कंपनीत गेला, आणि गाडी येईनाशी झाली. शेड पत्र्यापर्यंत भरली. नवे मॅनेजर विलाससाहेब म्हणजे भारी हुशार माणूस. म्हणाले, "भिंतीपलीकडं ओढ्यात टाका. झाडपाला तर आहे, जाईल कुजून."

"साहेब, त्यात इख हाय. निरंजनसाहेब म्हनलं व्हतं..."

"मग त्यांच्याकडंच जा कामाला."

साठीला टेकलेल्या बाईला दुसरं कोण ठेवून घेणार? कुसुमताईंनी मुकाट्याने दाताळं उचललं. त्या दिवसापासून हिरवागार ओला पाला भिंतीवरून पलीकडे पडू लागला. पलीकडे त्याचं काय होतं ते बघायला त्या कधी गेल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना बघायचंच नव्हतं. इकडे तळ्याचं पाणी तपासणीत स्वच्छ निघालं, आणि साहेबांनी तळ्याकाठी उभं राहून ऐटीत फोटो काढून घेतले.

सहा-सात महिन्यांनी धाकटी जाऊ केसरबाई डबा घेऊन घरी आली. म्हैस व्याली होती, चिकाचा खरवस नात्यात वाटायचा होता.

"पयला मान तुमचा, आक्का. तुमच्याच पाल्यावर पोसली ती."

"माझ्या?"

"तर काय! भिंतीवरनं टाकता त्यो. मी म्हनलं, जाऊबाईंला आपली काळजी हाय. ओढ्यात उतरून समदा गोळा करती मी. एक पान वाया जाऊ दिलं न्हाई."

कुसुमताईंनी डबा मागे सारला. म्हशीत किती उतरलं, दुधात किती, कोण तपासणार? गोठ्यातल्या दुधाची तपासणी करायला थोडंच कुणी येतं!

"केसर, त्यो पाला इखारी हाय. दूध कुनाला दिऊ नगंस."

केसरबाई आधी हसली. मग कुसुमताईंचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. "सकाळीच नातवाला वाटीभर खरवस चारला," ती हळूच म्हणाली. "तुमास्नी ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग टाकत व्हता कशाला?"

याचं उत्तर कुसुमताईंकडे होतं. नोकरी टिकवायला. पण त्या नातवाच्या आजीच्या तोंडावर ते सांगायला त्यांची जीभ रेटेना.