कडेच्या चांदण्या

"मधल्याला सगळेच बघतात, कडेच्याला बघा."

दयाराम फोटोवाल्याचं हे बोलणं श्रीवर्धनकडच्या गावोगाव लोकांना पाठ झालं होतं. लग्नाच्या मांडवात सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली, की तो कॅमेरा गळ्यात सोडून आधी रांगेच्या टोकांना जायचा. टोकाला कोण उभं राहतं हे त्याला ठाऊक होतं. विधवा आत्या, विटक्या लुगड्यातली मावशी, भांडी घासायला आलेली पोर. भिंग कडेचे चेहरे ताणून रुंद करतं, म्हणून तो त्यांना आत आणायचा आणि मधल्या शालूवाल्यांना बाहेर सरकवायचा.

"तुमचं तोंड देखणं हाय, वहिनी. थोडं ताणलं तरी चालंल," असं वर म्हणायचा. वहिनी फुगायच्या, पण सरकायच्या.

गोदू अशीच एका मांडवात टोकाला उभी होती. मामाच्या घरी वाढलेली, हातात पाण्याचा तांब्या. त्यानं तांब्या काढून घेतला आणि तिला थेट नवरीशेजारी उभं केलं. पुढच्या वैशाखात मागणीच घातली. "मला माणसानं न्हाय, भिंगानं पसंत केली," असं ती पुढं जन्मभर सांगत राहिली.

मग हातोहाती मोबाइल आले आणि स्टुडिओचं शटर खाली आलं ते आलंच. दयारामनं एक लहान भिंगाची दुर्बीण आणली, तिच्या बुडाला कॅमेरा जोडला आणि सुपारीच्या वाडीपलीकडे, जिथं दिवा दिसत नाही, तिथं तिपाई मांडून चांदण्यांचे फोटो काढू लागला. फोटोच्या मधोमध चांदण्या सुईच्या टोकासारख्या उतरायच्या. कोपऱ्यांत मात्र भाताच्या दाण्यासारख्या लांबायच्या. कडा बिघडलेला फोटो या माणसाला कसा चालावा?

"ही दुर्बीण आभाळाचं चित्र वाटीसारखं वाकवून पाडते," त्यानं गोदूला समजावलं. "कॅमेऱ्याच्या आतली पट्टी सपाट. मध्य टेकतो, कडा सुटतात."

"म्हणजे उन्हात वाळलेला पापड."

"व्हय, पापडच. त्याला सपाट करणारं आणखी एक भिंग मिळतं. फ्लॅटनर म्हणतात."

कोणता फ्लॅटनर घ्यावा याचा विचार तो सावकाश करत होता. सावकाशी त्याच्या स्वभावातच होती. पण माघात त्याला माणसांच्या तोंडावर मळभ आल्यासारखं दिसू लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोळ्यातल्या पडद्याचा मध्य झिजतोय. मधली नजर जाईल, कडेची राहील. कधी जाईल ते सांगता येत नाही.

परतताना एस.टी.त रेवदंडा मागं पडल्यावर तो म्हणाला, "एक फोटो, गोदू. चारी कोपऱ्यांतल्या चांदण्या गोल आलेला. तेवढा बघून मग काय ते होऊ दे."

मुंबईच्या दुकानदारानं फोनवर तीन वाटा सांगितल्या. याच दुर्बिणीसाठी घडवलेला फ्लॅटनर परदेशातून येईल, पण पावसाळा संपल्यावर. तो लावला की फारशी खटपट नाही. दुसरा सगळ्या दुर्बिणींना चालणारा, दुकानात तयार, पण तो कॅमेऱ्यापासून किती लांब बसवायचा ते आपलं आपण शोधायचं. तिसरा चित्र आवळून जास्त आभाळ माववणारा, आणि कडांच्या बाबतीत आणखी नाजूक.

"पहिलाच घ्या की," गोदू म्हणाली. "दिवाळीला काढा फोटो."

"दिवाळीला आभाळ असंल. मी बघंन कशानं?"

दुसरा आला. अंतर वाढवायला मधे बसवायच्या गोल कड्या हव्या होत्या. लग्नाच्या जुन्या अल्बमचे जाड काळे कागद घरात पडून होते, दयारामनं त्यांच्याच कड्या कातरल्या. फोटो निघाला, की सकाळी चहा घेऊन दोघं कॉम्प्युटरपुढं बसायची. आता कोपरे वाचायचं काम गोदूचं होतं.

"कुठं पळतायत?"

"मधून बाहेर."

"अंतर कमी हाय. कडी घाल."

पुढच्या फोटोनंतर पुन्हा, "आता?"

"आता फुगडी घालतायत. गोल गोल."

"जास्त झालं. काढ एक. आणि हसू नको, तुझ्या फुगडीचे फोटो हायत माझ्याकडं."

वैशाख सरत आला. समुद्रावरून ढग चढू लागले. ढग पुरते दाटायच्या आधी त्यानं वृश्चिकातली तांबडी ज्येष्ठा मधोमध धरून एक फोटो घेतला. सकाळी गोदूनं तीन कोपरे पाहिले. चांदण्या गोल होत्या, मोहरीसारख्या. चौथा, खालचा डावा, तिथं चांदण्या अजून लांबट होत्या. तिनं खिडकीतून काळं झालेलं आभाळ पाहिलं. मग आठवडाभर अर्धी भाकरी ताटात टाकून उठणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं.

"चारी गोल," ती म्हणाली.

दयाराम त्या दिवशी पोटभर जेवला. फोटो मोठा छापून, चौकटीत बसवून आणला आणि भिंतीला लावला. त्याच्यापुढं उभा राहिला तो मात्र मान फिरवून, खिडकीकडं तोंड करून. गोदूला वाटलं, बाहेर कुणी आलंय.

"गोदू, खालचा डावा पळतोय."

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "तुमाला कसं दिसलं?"

"आता कडेचंच दिसतं मला. मधली ज्येष्ठा कुठं हाय ते दिसत न्हाय." त्यानं चौकटीच्या त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "खाऱ्या हवेनं कागद एका अंगानं फुगला असंल. दुर्बिणीला अल्बमचा कागद कोण लावतो? चूक माझीच."

"तुमी जेवत न्हवतात," गोदू म्हणाली. "म्हणून मी..."

"ठाव हाय." त्यानं चौकटीवरचं बोट काढलं. "पण माझे डोळे तू होतीस."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पाऊस लागायच्या आधी त्यानं दुर्बीण पेटीत भरली. हायस्कूलच्या सुचिता बाईंना विज्ञानाच्या वर्गासाठी ती हवी होती. फ्लॅटनरही पुसून ठेवला, कागदाच्या कड्या काढून.

"मी पोचवते की," गोदू म्हणाली.

"न्हाय. फोटोवाल्याचं सामान फोटोवाला नेईल."

पेटी खांद्यावर घेऊन तो अंगणात उतरला. मान एका बाजूला वळवून चालत होता, वाट तशीच दिसायची त्याला. समोरून आलेल्या शेजारच्या धर्माजीनं हाक मारली आणि हा आपल्याकडं बघत नाही म्हणून तोंड वाकडं केलं. दयाराम चालत राहिला. वाडीच्या वळणावर थांबून त्यानं घराकडं तोंड केलं.

गोदू दाराच्या मधोमध उभी होती. तिच्या ध्यानात आलं, तशी ती चौकटीच्या कडेला सरकली आणि त्यानं हात वर करेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग पोफळींच्या मागं तो दिसेनासा झाला.