चिमण्यांच्या वाट्याची हिरानखी

धानाच्या बांधीत करगा माजतो ना, तसे हे किस्से. करगा म्हणजे रानटी धान. कोणी पेरत नाही, उपटून संपत नाही. आमच्या बकारामभाऊचा एक किस्सा उपटावा, तर मुळासंगं दुसरा वर येतो!

*

सुरुवात केली ब्लॉकच्या साहेबानं. नवं बियाणं आणलं, वर जपानी पद्धत! रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, दोरी धरून, एका लाइनीत.

बकाराम म्हणाला, "साहेब, आमची बांधी म्हशीच्या शिंगावाणी वाकडी. दोरी सरळ धरून का करू?"

"मग आधी बांधी सरळ करा!"

तरी आम्ही गाढवांनी नवं पेरलं, आणि जुन्या वासाच्या धानाचं, हिरानखीचं, बियाणं कांडून खाल्लं. गावभर वास सुटला. शेवटचा!

*

नव्या भाताला वासच नाही. बकारामच्या मायनं, सोनाबाईनं, ताट सरकवलं. "नातीच्या लग्नात हिरानखीचा भात पायजे. नाई तं मी मांडवात येत नाई!"

निघालो कुरखेड्याच्या बाजाराला. व्यापारी म्हणे, "असली हिरानखी!" बकारामनं मूठभर धान तिथंच कांडलं, शिजवलं आणि पहिला घास त्यालाच दिला.

व्यापारी चावता चावता म्हणाला, "हट्! हे हिरानखी नाई!"

*

मग नातीसाठी नागभीडकडे पोरगा पाहायला गेलो. दारावर चिमण्यांसाठी धानाच्या लोंब्यांचं झुंबर टांगलेलं. बकारामनं एक दाणा सोलून चावला आणि डोळेच मिटले. हिरानखी!

व्याही म्हणाला, "देण्याघेण्याचं बोला."

"झुंबर द्या."

"ते चिमण्यायचं आहे. दुसरं मांगा."

शेवटी अर्धं चिमण्यांना, अर्धं आम्हाला. लगन पक्कं!

वाटेत मी बकारामला विचारलं, "पोरगा कसा वाटला?"

"कोणता पोरगा?"

*

लोंब्या पेरल्या. पाखरं हाकलायला बकारामनं साहेबाची दोरी बांधीभोवती ताणली, वर चिंध्या टांगल्या. साहेब दोरी पाहूनच खूश! फोटो काढला, रिपोर्ट पाठवला: जपानी पद्धत यशस्वी.

*

धान झालं. धान साठवायच्या लहानशा ढोलीत माईल एवढंच. लगनाच्या दिवशी बकाराम ते कांडायला काढायला गेला, तर सोनाबाई ढोलीच्या झाकणावर चढून बसलेली!

"माय, भात तूच मांगतला ना?"

"तवा भात मांगतला. आता ते बियाणं आहे. एकदा खाल्लं नाई का तुम्ही? मी नाई उठत!"

"अन् मांडव?"

"आणा इथी."

आजीशिवाय नात उभी राहीना. मग नवरा-नवरी, व्याही, भटजी, सगळे त्या अंधाऱ्या खोलीत कोंबले. भटजीनं होमाला काडी ओढली.

सोनाबाई वरून खेकसली, "धानाजवळ विस्तव? ठेव बाहेर!"

होम अंगणात पेटला. फेरे ढोलीभोवती पडले.