एवढं झालं की गाडी तयार

माझ्या हातांना स्वस्थ बसवत नाही. जेवताना ताट डुगडुगलं तर मी अर्धी भाकरी टाकून त्याच्याखाली कागदाची घडी सारतो. पंखा जरा कुरकुरला की स्टूल घेऊन चढलोच. लग्नाला आठ दिवस झाले नव्हते तेव्हा मी घरातलं शिलाई मशीन चांगलं चालत असताना उघडून बसलो होतो आणि बायको अर्धवट शिवलेलं ब्लाउज हातात धरून माझ्याकडं बघत उभी होती. आपल्या पदरात काय पडलंय ते तिला त्याच दिवशी कळलं असणार.

मी बारामतीजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होतो. गाळप सुरू असताना मिल थांबवता येत नाही, म्हणून गाळप संपलं की सगळं उघडायचं. चांगलं चाललेलंही उघडायचं. रोलर उतरवायचे, पंप सोडायचे, एकेक बिअरिंग धुऊन, बघून, पुन्हा बसवायचं. ‘चालतंय की’ असं कुणी म्हटलं तर आमचा फोरमन शिवी दिल्यासारखा त्याच्याकडं बघायचा. कारखान्याला ही पद्धत बरोबरच आहे. ती मी घरच्या गाडीला लावली.

गाडी मला सासऱ्यांनी दिली. त्यांना सगळे तात्या म्हणायचे, मीही. इंदापुरात पुणे-सोलापूर रस्त्याला लागून त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. कधीकाळी त्या रस्त्यावर एक लाल विलायती गाडी बंद पडली. दोन दारं, दोनच माणसांची जागा, कापडी टप, आणि इतकी बुटकी की बैलगाडीशेजारी उभी केली तर चाकाआड जाईल. ती ओढून तात्यांच्या दारात आणली. मालकानं पार्टची वाट पाहिली, पार्ट काही मिळेना, शेवटी पत्र पाठवून त्यानं गाडी तात्यांनाच देऊन टाकली. तात्यांनी ती मोडीत घातली नाही. पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरून वीस वर्षं ठेवली. शेजारपाजारचे त्यांची टिंगल करायचे आणि ते करू द्यायचे.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला एके दिवशी त्यांनी ताडपत्री काढली आणि मला म्हणाले, “पाव्हणं, घेऊन जावा. तुमच्याकडं लेथ हाय, हात हाय. म्या हिला फकस्त मरताना ऐकलंय. बिअरिंग गेल्यालं, नुसता खडखडाट. एकदा नीट चालती ऐकायची हाय. हितं, माझ्या दारात.”

आम्ही गाडी ट्रॉलीवर चढवत होतो तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. तात्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली. त्यांची ही पद्धत जिल्ह्यातले ड्रायव्हर ओळखून होते. डोळे मिटायचे, एक बोट वर करायचं, की सगळ्यांनी गप्प व्हायचं. मग बोट खाली आलं की तात्या दुखणं सांगायचे आणि ते कधी चुकायचं नाही. त्या दिवशी ते म्हणाले, “काय न्हाय, बरोबर हाय.” मला तीन पावलांवरून ठोका ऐकू येत होता. ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. तात्यांनी त्याचं ते बघणं पाहिलं.

ट्रक गेल्यावर ते म्हणाले, “डावा कान गेलाच हाय. उजव्याचं काय खरं न्हाय. डाक्टर म्हनला, हळूहळू जानार. तवा जरा लवकर बघा.”

“दसऱ्याच्या आत आणतो,” मी म्हणालो. कुठल्या दसऱ्याच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

पहिल्या वर्षी मी खरंच राबलो. बिअरिंग मिळत नव्हती, ती कुणाकुणाला सांगून मिळवली. बुश लेथवर स्वतः काढले. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, वायरिंग सगळं नवीन ओढलं. आमच्या अंगणात तेव्हा वाळवणाला जागा उरली नव्हती. जिथं बघावं तिथं रॉकेलच्या परातीत बुडवलेले पार्ट. बायको त्यातून साडी सावरत तुळशीला पाणी घालायची. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी स्टार्टर दाबला आणि गाडी सुरू झाली. भरदार, गोल, एकसारखा आवाज. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसका देऊन उठली. बायको पीठ भरल्या हातांनी पळत बाहेर आली.

“चला, आजच जाऊ,” ती म्हणाली.

“थांब जरा,” मी म्हणालो. “टिक टिक येतंय.”

“मला न्हाय येत.”

“तुला नाही यायचं. तात्यांना येईल.”

आणि मी इंजिन उघडलं. आता लिहिताना माझी मलाच चीड येते, पण तेव्हा मला ते अगदी रास्त वाटलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर इंजिनं ऐकली त्याच्या दारात टिकटिकणारी गाडी न्यायची? त्यांचं ते एक बोट वर जाणार, डोळे मिटणार, आणि मग ते जे काही म्हणतील त्याची मला धास्ती होती. तोंडावर ते काही बोलले नसते. पण मला कळलं असतं.

टिकटिक गेली तर गॅस्केट गळायला लागलं. ते झालं तोवर गव्हाणीत मोळी पडली, गाळप सुरू झालं आणि मी सहा महिने पाळ्यांमध्ये अडकलो. पुढच्या वर्षी वाटलं, उसाच्या गाड्यांनी रस्त्याला एवढ्या चाकोऱ्या पाडल्यात, ही बुटकी गाडी पोट घासत जाणार. म्हणून स्प्रिंगच्या कमानी बदलून तिला चार बोटं उचलली. उचलल्यावर ती वळणावर झुलायला लागली. म्हणून पुन्हा उतरवली, दोन बोटं ठेवली. दोन कार्बोरेटर होते, ते एकमेकांशी जुळेनात. जुळले, तर मला वाटलं अजून चांगले जुळतील. मधूनमधून गाडी पंधरा-पंधरा दिवस उत्तम चालायची. मी तिला माळावर फेरी मारून आणायचो, परत येऊन पाने काढायचो. हातात पाना नसला की मला करमायचं नाही आणि पाना असला की गाडी टिकायची नाही.

इंदापूरला आम्ही एसटीनं जात होतो. तात्या सगळ्यात आधी विचारायचे, “झाली का गाडी?” मी म्हणायचो, “एवढं झालं की तयार.” बायको त्यांच्या उजव्या बाजूला बसायची. मग मोठ्यानं बोलू लागली. मग हातवारे. तिसऱ्या वर्षी तात्यांनी गाडीचं विचारणं सोडून दिलं. मला हायसं वाटलं. परतताना एसटीत मी तसं बोलूनही दाखवलं, की तात्या आता घाई करत नाहीत.

बायको खिडकीबाहेर बघत होती. “उत्तर ऐकू येत न्हाय म्हनून इचारत न्हाईत,” ती म्हणाली. “कळत कसं न्हाय तुमाला?” मग म्हणाली, “मोठा आवाज अजून येतो म्हन्त्यात. ह्या दसऱ्याला न्यायची.”

तिनं डाव नीट टाकला. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. पाने, पक्कड, हातोडा, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडू वाहायचा. मग दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. कारखान्यातला सगळ्यात नास्तिक टर्नरसुद्धा त्या दिवशी खिशात हात घालून हिंडायचा. बायको म्हणाली, “अर्धवट गाडीची पूजा मी करनार न्हाय. नवमीच्या आत समदं बसवा.” मी बसवलं. नवमीला तिनं हत्यारं मांडली, बारीक फट मोजायचा फीलर गेजसुद्धा शोधून आणून पाटावर ठेवला, माझ्या शर्टाच्या खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हरही काढून घेतला. आणि दसऱ्याच्या सकाळी नवी साडी नेसून, आपट्याची पानं मांडीवर घेऊन ती गाडीत बसली.

“अगं, एक पाना तरी घेऊ दे सोबत.”

“पुजल्यालं हाय. चला.”

इतका उघडा मी कधीच पडलो नव्हतो. भवानीनगरपर्यंत मी फक्त ऐकत होतो. लासुर्णे गेलं. बायको केस सावरत उसाकडं बघत होती, रस्त्यावरची माणसं हात करत होती, एका ट्रॅक्टरवाल्यानं तर ट्रॅक्टर कडेला घेऊन आम्हाला वाट दिली. मला यातलं काही गोड लागेना. निमगाव केतकीच्या पानमळ्यांजवळ मला टिक टिक आली. मी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि हात लोंबकळत ठेवून उभा राहिलो. दुसरं करणार काय? बायको जागची हलली नाही.

“बघून झालं असंल तर चला,” ती म्हणाली. “अवो, चालतीय की ती.”

इंदापुरात शिरलो तेव्हा हायवेच्या कडेला ट्रक झेंडूच्या माळा घालून उभे होते. तात्या गॅरेजसमोर बाजेवर बसले होते. आमची लाल गाडी दारात वळताना त्यांना दिसली आणि ते चटकन उठले. काठी घ्यायचंही भान राहिलं नाही. मी इंजिन बंद केलं नाही. मुद्दामच चालू ठेवलं, वर थोडी रेसही दिली. रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर बसलेली माणसं त्या आवाजानं उठून बघायला आली. आणि गंमत म्हणजे टिक टिक कुठंच नव्हती. तीन वर्षांत गाडी इतकी सुंदर कधी चालली नव्हती.

तात्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. हात न लावता, पाठीमागं हात बांधून. नवा रंग बघितला, टप बघितला, माझ्याकडं बघून मान हलवली. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला एकदम सगळं फेडून झाल्यासारखं वाटलं. बायको सोनं द्यायला पुढं झाली, तर त्यांनी तिला हातानं थांबवलं. बॉनेटच्या समोर येऊन ते नीट पाय रोवून उभे राहिले. उजवा कान इंजिनकडं केला. डोळे मिटले. एक बोट वर केलं. टपरीवरची माणसं बोलायची थांबली.

“हां, पाव्हणं,” तात्या म्हणाले. “करा आता चालू.”

गाडी चालूच होती.