गाळलेले दुपारचे आकडे

आनंदराज नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. कॉलेजानं मुखेडच्या माळावर हवेतला ओझोन मोजायचं यंत्र बसवलं आणि त्याची देखभाल त्याच्याकडे आली, कारण त्याचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. दर शनिवारी एसटीनं जायचं, आकडे उतरवून घ्यायचे, नागुबाई आत्याच्या हातची भाकर खाऊन परतायचं.

पावसाळाभर आकडे खालीच राहिले. दिवाळीनंतर मात्र दुपारचे आकडे नांदेडपेक्षाही वर जाऊ लागले. इथं ना कारखाना, ना गाड्यांची वर्दळ. यंत्रच बिघडलं असणार, असं ठरवून त्यानं ते आकडे 'सदोष' म्हणून गाळले. दोन हिवाळे हेच केलं.

आत्या लोकांच्या रानात तूर कापायला जायची. एकदा छाती चोळत म्हणाली, "आनंदा, उगवतीचं वारं सुटलं की दुपारी लई जळजळ होऊन राहिली बघ. सकाळी काहीच न्हाई."

"वाऱ्यानं कुठं छाती जळती का, आत्या? वय झालं तुझं," असं म्हणून तो हसला.

पुढच्या जानेवारीत ती दम्यानं गेली.

गेल्या वर्षी ज्योत्स्ना मॅडम विभागात आल्या. त्यानं गाळलेल्या आकड्यांच्या तारखा त्यांनी वाऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्या; दर वेळी वारा उगवतीचाच होता.

"यंत्र तपासलं होतं?"

"न्हाई, मॅडम."

"यंत्र बरोबरच होतं. पावसाळ्यात समुद्रावरची स्वच्छ हवा येते. हिवाळ्यात वारा फिरतो आणि लांबच्या शहरांचा धूर घेऊन येतो. वाटेत उन्हात त्याचा ओझोन होतो. वरून हवा दाबलेली असते, म्हणून तो जमिनीलगत साचतो. शहरात गाड्यांचा ताजा धूरच त्याला खातो. माळावर खाणारं कुणी नाही."

"यानं छाती जळती, मॅडम?"

"जळते. दम्याच्या माणसानं अशा दुपारी बाहेर राहू नये."

आत्या त्यानंच गेली, असं कुणी सांगू शकत नव्हतं. पण तिनं जे सांगितलं ते यंत्रही सांगत होतं, आणि त्यानं दोघांनाही खोटं ठरवलं होतं. मूळ नोंदी शोधायला तो माळावर गेला. नव्या नोंदींना जागा करताना यंत्रानं त्या केव्हाच पुसल्या होत्या. त्या दोन हिवाळ्यांच्या अहवालाखाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं : 'हे आकडे खरे होते. मी गाळले.'

आता वारा फिरला की तो मजुरांची टोळी नेणाऱ्या कस्तुराबाईला फोन करतो, "मावशी, आज बाराच्या आत बायकांना घरी आणा."

"रानाचा मालक न्हाई म्हणतो रे," ती म्हणते. काही दिवस बायका येतात. काही दिवस नाही.