कंट्रोलरचा रोजचा शब्द

२०१६ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो. फौंड्रीतलं काम सुटलं होतं, गुडघे गेले होते, आणि दारातल्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं एवढंच काम उरलं होतं. त्या साली समोरच्या घरात एक माणूस राहायला आला. पहिल्याच सकाळी त्यानं दाराला बाहेरून खिळा ठोकला, शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी त्याला अडकवली आणि खडूनं तिच्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला. मी चौथी शिकलोय. इंग्रजी अक्षरं ओळखतो, अर्थ लागत नाही. मी पायरीवरूनच ओरडलो, "काय हो, शिकवणी काढली काय?"

तो म्हणाला, "शिकवणीच हाय की. विद्यार्थी मी एकटाच."

तो बसस्टँडवर कंट्रोलर होता, नुकताच निवृत्त झालेला. मूळचा कुरुंदवाडचा, बाप तिथं गाद्या भरायचा. भोंग्यातून येणारा त्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर ऐकला होता, तोंड कुणी बघितलं नव्हतं. चंदगड गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे तो असं सांगायचा, की चंदगडला जायचं नसलेला माणूससुद्धा पिशवी उचलायचा. असा माणूस घरी बसून इंग्रजीत गोष्टी लिहितो हे कळल्यावर मला आधी ते खोटंच वाटलं. मग दोन-चार गोष्टी कुठंकुठं छापून आल्या, आणि तो कादंबरीला बसला.

रोज एक शब्द, हा त्याचा नेम. शब्दही साधा नाही. इंग्रजी शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा कधी ऐकला नसेल असला. सकाळी पाटीवर लिहायचा, दिवसभर भेटेल त्याच्याशी बोलताना वापरायचा आणि दिवेलागणीला पुसून टाकायचा. मी म्हणायचो, "राहू दे की, उद्या इसरशील." तो म्हणायचा, "आण्णा, पाटीवर राहिला तो शब्द आपला न्हवं. पुसल्यावर राहिला तो आपला."

त्यामुळं त्याच्या शब्दांचा मार आम्हा सगळ्यांना बसायचा. एकदा पाटीवर 'क्रेपस्क्युलर' होता. संध्याकाळी आम्ही दूधकट्ट्यावर गेलो. गवळ्यानं धार काढून फेसाळ ग्लास पुढं केला, तर हा ग्लास हातात घेऊन म्हणतो, "तुमच्या म्हशी क्रेपस्क्युलर हायत बघा."

गवळी म्हशीखालनं उठून उभा राहिला. "ओ सायेब, मला काय बोलायचं ते बोला. म्हशीला बोलायचं काम न्हाय."

"अवो, शिवी न्हवं ती. पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडणारं जनावर, एवढाच अर्थ."

"मग तसं म्हणा की! दूध आटलं आसतं माझं."

त्या दिवसापासून त्याला सगळे 'डिक्शनरी' म्हणायला लागले. मी कंट्रोलरच म्हणत राहिलो. एकदा ठेवलेलं नाव मी बदलत नाही.

आमची भांडणं व्हायची ती याच शब्दांवरून. एकदा त्यानं 'सस्यूरस' आणला. म्हणाला, वाऱ्यानं पानांचा होतो तो हळू आवाज. मी म्हणालो, "सळसळ म्हण की. एवढं लांबचं कशाला आणायचं?" तो म्हणाला, "सळसळ म्हटलं की मला ऊस दिसतोय, आण्णा. ऊस दिसला की फड दिसतोय, फड दिसला की पाहुणेरावळे दिसत्यात. मला नुसता आवाज पाहिजे. कशाचा हाय ते कळायला नको." आणि तसा आवाज त्यानं तोंडानं काढून दाखवला. भर उन्हात बसलो होतो, तरी मी पायरीवर जरा सरकून भिंतीला टेकलो.

मात्र शब्दांची उधळपट्टी त्याला खपायची नाही. "एका पानात एक," तो म्हणायचा. "तांबड्या रश्शात लवंग आसती तेवढी. दाताखाली आली की कळायला पाहिजे. पण वाटी भरून लवंगा वाढल्यावर माणूस ताटावरनं उठतोय."

कादंबरी तो मला मराठीत सांगायचा. गोष्ट चंदगडकडच्या मुक्कामी गाडीची. तिन्हीसांजेला धुक्यातून एक एसटी डोंगरातल्या शेवटच्या गावाला निघते. दर दिवशी एक माणूस चढतो, मागच्या सीटवर बसतो, शेवटच्या गावाचं तिकीट काढतो. पण शेवटच्या गावाला तो उतरत नाही. मधेही कुणी त्याला उतरताना बघितलेलं नाही. कंडक्टर गाडी थांबली की आत बघतो, तर मागची सीट रिकामी, आणि तिच्यावर माणूस उठून गेल्यावर राहते तेवढी ऊब. ड्रायव्हर म्हणतो, सोड, तिकिटाचे पैसे मिळाले की झालं. कंडक्टरला ते सुटत नाही. शेवटी एक दिवस तो ठरवतो की आज आपली जागा सोडायची आणि त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसायचं.

"मग? कुठं उतरतो तो?" मी विचारायचो.

"ते लिहिल्याशिवाय सांगायचं नसतं. एकदा तोंडातनं गेलं की कागदावर येत न्हाय."

हा त्याचा दुसरा नेम. आपल्या लिखाणाचा शेवट त्यानं कधी कुणाला आधी सांगितला नाही, बायकोलाही नाही. लिहून झाला की मगच.

टाळेबंदी उठली त्या साली एका सकाळी पाटीवर 'अफेझिया' होता. दिसायला देखणा म्हणून आणलाय, म्हणाला. भाभी, म्हणजे त्याची बायको, भाजी घेऊन येत होती. तिनं अर्थ विचारला.

"मेंदूला काहीतरी होतंय, आणि माणसाला शब्द सापडत न्हाईत. त्याचं नाव."

भाभीनं पिशवी खाली ठेवली. "असलं दारावर लिवत्यात?" असं म्हणून ती आतून ओलं फडकं घेऊन आली आणि दिवेलागणीची वाट न बघता तिनं पाटी पुसली. तो मोठ्यानं हसला. मला म्हणाला, "बघा आण्णा, आज लवकर पुसला. आता हा माझाच झाला." मीही हसलो. पाटीवर ओला काळा डाग वाळत होता, तो अजून डोळ्यापुढं आहे.

त्यानंतर किती दिवसांनी ते सुरू झालं, मला नक्की सांगता येणार नाही. माझ्याकडं चहा प्यायला आला होता. चहा गरम होता. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "आण्णा, ते द्या." मी म्हणालो, "काय?" तो बशीकडं बघत होता. बघतच राहिला. मग म्हणाला, "ते... कॉन्केव्ह," म्हणजे खोलगट. माझा नातू हसायला लागला. "आजोबा, डिक्शनरीकाकांना बशीला पण इंग्रजी लागतंय आता!"

गल्लीत ही गोष्ट अशी पसरली की विचारू नका. तो किल्लीला भलतंच काही म्हणायचा, चपलेला भलतंच, दुकानात जाऊन काडेपेटी मागताना एवढा लांबलचक शब्द वापरायचा की गिऱ्हाईकं त्याची नक्कल करत घरी जायची. आमच्या गल्लीत एखादा मराठी शब्द सोडून इंग्रजी बोलायला लागला की त्याला एकच रोग झालाय असं समजतात. माज. कट्ट्यावर गवळी म्हणाला, "आता दुधाला काय म्हणनार? का ते पण इसरला?" कंट्रोलर ग्लास तोंडाला लावून हसला. भाभीसुद्धा माझ्याजवळ कुरकुरली, "घरात पन तसंच बोलत्यात, आण्णा. मीठ द्या म्हनायला काय झालं?"

मी एकदा त्याला तोंडावरच विचारलं, "काय रे, मराठी इसरलास काय?"

"व्हय," तो म्हणाला. असं म्हणाला की मला ती चेष्टाच वाटली.

पुढं मला एक गोष्ट दिसायला लागली. तो पाटी पुसेनासा झाला. कालचा शब्द तसाच, त्याच्याखाली आजचा, त्याच्याखाली उद्याचा. अक्षरं बारीक होत गेली. पाटी भरली तेव्हा त्यानं दुसरा खिळा ठोकला. दार उघडबंद होताना दोन्ही पाट्या लाकडावर आपटायच्या. तो आवाज ऐकला की मला बरं वाटत नसे. एके दुपारी मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हणालो, "पुसत का न्हाईस?"

त्यानं मला आत नेलं, दार लोटलं. "आण्णा, बारकं शब्द चाललेत. बशी, किल्ली, मीठ. रोजचे. मोठं, उशिरा आणलेलं, ते अजून हायत. म्हणून मोठं भरून ठेवतोय. एक वीट पडली की तिथं दुसरी लावायची."

मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मेंदूची एक कड वाळत चाललीय. आधी वस्तूंची नावं जातील, मग माणसांची, मग गोष्ट धरून ठेवणंच जमायचं नाही. रोगाचं नाव डॉक्टरनं अर्धं उच्चारलं आणि उरलेलं यानंच पूर्ण केलं. "मी म्हटलं, डॉक्टर, वळखतो मी ह्याला. माझ्या दारात येऊन गेलाय."

"मग गल्लीला सांग की! सगळी हसत्यात तुला."

"हसू देत. माज आलाय म्हणत्यात तोवर मोठ्यानं बोलत्यात माझ्याशी. आजारी म्हटलं की हळू बोलायला लागतील."

भाभीला मीच सांगितलं. सांगणार नाही असं त्याला मी वचन दिलं नव्हतं. ती रडली नाही. आत गेली, दोन्ही पाट्या काढल्या, धुतल्या आणि परत अडकवल्या. जणू आता नव्यानं सुरुवात करता येणार होती.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. आता सकाळी तो माझ्या पायरीवर येऊन बसायचा आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायचा, धागा सुटू नये म्हणून. धुकं, घाट, मागची सीट, ती ऊब. कंडक्टर जागेवरून उठतो, तिथं थांबायचा आणि घरी जाऊन लिहायला बसायचा. दुपारी खिडकीतून दिसायचा, हात कॉम्प्युटरवर तसेच, डोळे भिंतीवर. मी म्हणालो, "हे बघ, शेवट मला सांगून ठेव. मी इसरत न्हाय. फौंड्रीतल्या साच्यांची मापं अजून पाठ हायत मला. तुझं गेलं तर माझ्याकडं राहील."

"न्हाय, आण्णा. सांगितलं की लिहिणं होत न्हाय."

"आरं पण न सांगता ऱ्हायलं तर?"

"तर ऱ्हायलं."

मी चिडलो. दोन दिवस बोललो नाही. तो मात्र रोज येऊन बसत होता आणि माझ्या पाठीला गोष्ट सांगत होता. तिसऱ्या दिवशी त्यात घाट नव्हता. गाडी निघाली आणि एकदम धुक्यात थांबली. मी वळून म्हणालो, "मधे घाट हाय की." त्यानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि घाट घातला. त्यानंतर मी बोलायचं बंद केलं नाही. काही राहिलं की मी घालायचो. हळूहळू असं झालं की अर्धी गोष्ट मीच सांगायचो आणि तो "व्हय, व्हय" म्हणायचा. चंदगड हे नाव गेलं तेव्हा तो नुसता दक्षिणेकडं हात करायचा. भोंग्यातून ज्याचा आवाज अख्ख्या स्टँडवर फिरायचा तो माणूस गाडीला "ते मोठं" म्हणायला लागला.

पुण्याहून त्याची मुलगी आली. तिनं कॉम्प्युटर उघडून बघितलं. कंडक्टर जागेवरून उठतो, इथपर्यंत लिहिलेलं होतं. पुढं काही नाही. तिनं त्याला पुन्हापुन्हा विचारलं, "अब्बा, वो आदमी कहाँ उतरता है?" तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग ती रस्ता ओलांडून माझ्याकडं विचारायला आली, पण शेवट मलाही ठाऊक नव्हता.

श्रावणातल्या एका सकाळी तो पायरीवर येईना म्हणून मी त्याच्या दारात गेलो. तो खुर्चीवर बसला होता, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मला बघून उठला. हात जोडले. जुना भोंग्यातला आवाज लागला, स्वच्छ, गोल.

"या पावणं," तो म्हणाला. "कुठनं आला?"

भाभी दाराआडून बघत होती. तिनं पदर तोंडात धरला. मी म्हणालो, "हितलाच हाय," आणि परत आलो. दिवसभर पायरीवर बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला पायजमा घातला, टोपी नीट केली आणि रस्ता ओलांडून त्याच्या दारात उभा राहिलो. माझं नाव, गल्ली, फौंड्री, सगळं सांगितलं, परका माणूस सांगतो तसं. त्यानं बसा म्हटलं. भाभीनं चहा आणला. मी म्हणालो, "एक गोष्ट ऐकणार काय?" आणि सुरू केली. धुकं, घाट, मागची सीट, ती ऊब. तो पुढं वाकून ऐकत होता, डोळे मोठे करून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा. कंडक्टर जागेवरून उठला, इथं मी आलो आणि थांबलो.

"मग?" तो म्हणाला. "पुढं काय झालं, पावणं? कुठं उतरला तो?"

मी चहाचा एक घोट घेतला. कंडक्टरला त्या माणसाच्या शेजारी नेऊन बसवलं. गाडीबाहेर धुक्यात काही दिसायचं बंद झालं होतं. मग तोंडाला येईल तसं सांगत सुटलो, एक वळण झालं की दुसरं, आणि गाडी मी कुठंही थांबू दिली नाही.