तळणाच्या तेलावर

आमची गाडी गल्लीत शिरली की कुणाला हॉर्न ऐकावा लागत नाही. नाकालाच कळतं. भज्यांचा, शेवेचा, थोडा जळक्या मिरचीचा असा वास मागे सोडत ती येते आणि गल्लीतली कुत्री उठून तिच्यामागे निघतात. माझ्या साड्यांना वास, केसांना वास. लग्नाला गेले तर शेजारी बसलेली बाई विचारते, स्वयंपाकघरातून थेट आलात का? आपलं हसायचं.

आम्ही मूळचे राजस्थानकडचे जैन, पण चार पिढ्या शहाद्यात गेल्या. घरात मारवाडी, गिऱ्हाईकाशी अहिराणी आणि लिहायचं म्हटलं की मराठी, कारण शाळेत तेच शिकवलं. खाली फरसाणाचं दुकान, वर घर. घरात आमचे हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे जीजी म्हणतात, मीही.

हे तेलाचं खूळ मुळात जीजींचं. दुकानात तळणाचं तेल काळं पडलं की ते टाकायचं कुठं, हा आमच्याकडे कायमचा तंटा. मोरीत ओतू द्यायच्या नाहीत, कारण मुंग्या येतात आणि चिकटून मरतात. हातगाडीवाल्यांना विकू द्यायच्या नाहीत, कारण ते पुन्हा त्यातच तळतात आणि लोकांच्या पोटात विष जातं. मग ठेवायचं कुठं, डोक्यावर? अंगणात डबे साठत गेले. अशात आमच्या ह्यांनी मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला की जुनी डिझेल गाडी खाद्यतेलावर चालते. सासऱ्यांची जुनी गाडी दारात उभी होतीच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

ह्यांनी डिकीत दुसरी टाकी बसवली. गाडी सुरू करायची डिझेलवर, इंजिन तापलं की स्टिअरिंगखालचा कॉक फिरवून तेलावर घ्यायची आणि मुक्कामाच्या आधी पुन्हा डिझेलवर आणायची, म्हणजे नळीत तेल राहून थिजत नाही. इंजिनाच्या गरम पाण्याची एक नळी टाकीभोवती गुंडाळलेली. मला हे सगळं तोंडपाठ आहे. मी मागितलं नव्हतं, तरी आहे. तेल गाळायचं काम जीजींचं. पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची आमच्यात रीत आहे, पाण्यातला जीव वाचावा म्हणून. तशाच निगुतीनं त्या ते काळं तेल गाळत बसायच्या, आणि गाडी खरंच चालायची. डोंगरातल्या बाजाराला, नातेवाईकांकडे, सगळीकडे. हे तर मिशीला पीळ देत फिरायचे.

मग जीजींच्या किडन्या गेल्या आणि ती गाडी दवाखान्याची झाली. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी नंदुरबारला डायलिसिस. सकाळी निघायचं, तिकडे ताटकळायचं, परत यायचं. त्यात त्यांना मधुमेह. आणि त्यात चौविहार, म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. लग्न होऊन आल्यापासून मी पाहते आहे, त्यांनी हा नियम कधी मोडला नाही. बाळंतपणात नाही, सासरे गेले त्या दिवशीही नाही.

पण एका सकाळी दिवस वर आल्यावर मी त्यांना उठवायला गेले तर अंग गार, घामानं चिंब आणि डोळे फिरलेले. साखर उतरली होती. तोंडात साखर घालून कसंबसं त्यांना शुद्धीवर आणलं. डॉक्टरांनी मलाच बजावलं, डायलिसिसच्या दिवशी जेवल्याशिवाय यांना झोपू द्यायचं नाही, पुढच्या वेळी उठतीलच असं नाही. मलाच का सांगतात कोण जाणे. त्यांचा मुलगा बाजूलाच उभा होता. तेव्हापासून माझा एकच जप, दिवस मावळायच्या आत घर गाठायचं आणि चार घास पोटात घालायचे.

पौषातली गोष्ट. त्या दिवशी नंबर उशिरा लागला. बाहेर पडलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मोठ्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर अडकलेले, म्हणून ह्यांनी गाडी कोरीट गावाकडून घातली. जीजी मागच्या सीटवर आडव्या, मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. डबा सोबत होता, मुगाची खिचडी, बिनमिठाची. पण डायलिसिस झाल्यावर तासभर त्यांना अन्न बघवत नाही. "आत्ता नको गं, उलटी होईल," म्हणाल्या. मी म्हटलं, बरं, घरी पोचेपर्यंत थांबू.

कोरीटच्या पुढे ह्यांनी कॉक फिरवला आणि थोड्या वेळात गाडी आचके देऊ लागली. मग बंद. डिझेलवर घेऊन पाहिली, तरी नाही. फिल्टर दोन्हीला एकच. ह्यांनी बॉनेट उघडलं, फिल्टर काढला आणि ओरडले, "हे काय!" आत पांढरं, घट्ट, थिजलेलं. लग्नाच्या ऑर्डरीसाठी आम्ही बालुशाही वनस्पती तुपात तळली होती, तेच हे. गरम असताना ओतलं तेव्हा तेलात मिसळलं, दुपारभर गाडी दवाखान्याबाहेर गारठ्यात उभी राहिली आणि टाकीत त्याचा गोळा झाला.

"कुणी ओतलं हे?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्थात माझ्याकडेच!

मागून बारीक आवाज आला. "मी ओतलं. कारागीर मोरीत टाकत होता. मुंग्या मेल्या असत्या."

मी कपाळावर हात मारला.

मोटरसायकलवरून एक शेतकरी चालला होता, तो थांबला. "काय जायनं वहिनी? गाडी बंद पडनी का?" मग त्यानं हवेत नाक वर केलं. "भजा तळी ऱ्हायनात का गाडीमा?" एरवी मला हसू आलं असतं. त्यानं मागं वाकून बघितलं आणि आवाज खाली आणला. "मायले बरं नही का?" ह्यांनी फिल्टर दाखवला. तो म्हणाला, "थांबा, मी गरम पानी लई येस," आणि गावाकडे वळला. देव त्याचं भलं करो. पण गाव थोडं लांब होतं आणि सूर्य कपाशीच्या पऱ्हाट्यांना टेकला होता.

मी डबा उघडला. "जीजी, आता खा. अजून दिवस आहे."

त्यांनी एक चमचा तोंडात घेतला आणि तो तसाच बाहेर आला. मी पुसलं. पुन्हा म्हटलं, एकच घास. त्यांनी तोंड मिटून मान हलवली. मळमळ थांबेना आणि सूर्यही थांबेना. मी एकदा खिडकीतून बघायची, एकदा त्यांच्या तोंडाकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, श्वास नीट झाला. म्हणजे आता जेवता आलं असतं. बाहेर पाहिलं तर सूर्य गेलेला.

तेव्हा माझा तोल गेला. मी सासूसमोर कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या संध्याकाळी रस्त्यावर उभी राहून ओरडले. "मुंग्या मरतील म्हणून तूप गाडीत ओतलंत ना? मुंग्यांचा जीव तुम्हाला दिसतो. माझा जीव चाललाय तो दिसतो का? रात्रभर तुमच्या नाकाशी सूत धरून मी बसायचं? एकदा, फक्त एकदा मोडा ना तो नियम! मी थकले हो जीजी. फार थकले." मला रडू फुटलं. बॉनेटआडून हे नुसते बघत राहिले. बरं झालं, बोलले असते तर त्यांनाही दोन शब्द ऐकवले असते.

रोज या वेळेला जीजी हात जोडून पच्चक्खाण घेतात, उद्या सूर्य उगवेपर्यंत काही घेणार नाही असा संकल्प. त्यांनी हात जोडले. ओठ हलायला लागले. मग त्यांनी हात सोडले आणि म्हणाल्या, "डबा काढ."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काढ म्हणते ना," त्या म्हणाल्या.

अंधारत चाललं होतं. मी भरवलं आणि त्या खात राहिल्या, माझ्याकडे न बघता, समोरच्या सीटकडे बघत. पाणीही प्यायल्या. इतके दिवस ज्यासाठी मी जिवाचा आटापिटा करत होते ते झालं, पण मला आनंद झाला नाही. उलट मनात आलं, तोंड फिरवा ना जीजी, नाही म्हणा. हे तुम्ही का ऐकलंत माझं? पण त्यांनी डबा संपवला.

तो भला माणूस गरम पाण्याची किटली घेऊन आला, फिल्टर नि नळ्या धुतल्या आणि डिझेलवर आम्ही घरी आलो. ह्यांनी नंतर टाकी साफ करून गाडी पुन्हा तेलावर आणली. त्यांचं काही बिघडलं नाही.

त्या दिवसापासून जीजींनी सूर्याकडे बघणं सोडलं. पूर्वी गच्चीच्या दारात उभ्या राहून ऊन कुठवर उतरलं ते स्वतः बघायच्या. आता पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसतात आणि मला विचारतात. मी सांगेन ते खरं. डायलिसिसच्या दिवशी आम्हाला उशीर होतोच. मी खोटं बोलते हे त्यांना माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे हे मला. इतक्या वर्षांचा त्यांचा नियम आता माझ्या जिभेवर आहे आणि त्याचं ओझं त्या गाडीपेक्षा जड आहे.

काल परतलो तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. खाली दुकानात ह्यांनी दिवाबत्तीची घंटा वाजवली. जीजींचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

"मावळला का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं आणि मी घास दिला.