रुईमास्तरांचं वगळलेलं पुस्तक

कोणतंही इंग्रजी पुस्तक हाती आलं की रुईमास्तर आधी त्याचं पान अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळत. अमरावतीच्या कापसाच्या वखारीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि रुईचा धागा बोटांनी पारखायची सवय सुटली नव्हती. अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, कुणब्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या, त्या काळात गोऱ्या व्यापाऱ्यांची पत्रं शेठजींना वाचून दाखवता दाखवता ते इंग्रजी शिकले. लढाई संपली, वखारीतली गर्दी ओसरली, तेव्हा अमरावतीच्याच नव्या इंग्रजी शाळेनं त्यांना मास्तर म्हणून घेतलं.

मी पुण्याहून रीतसर परीक्षा देऊन अकोल्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. शेतकऱ्याच्या घरचा, कसलीही परीक्षा न दिलेला, ‘मले-तुले’ बोलणारा हा माणूस माझ्या बरोबरीचा मानला जावा, हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

त्यांचा वर्ग मी एकदाच पाहिला. मुलानं उतारा वाचला की ते अर्थ विचारत नसत. एवढंच विचारत, “हे कोन कोनाले सांगून राह्यला?” मुलं विचारात पडत, आपसांत वाद घालत आणि अर्थ आपोआप निघत असे. शेवटच्या बाकावरचा पोरगाही हात वर करत होता. माझ्या वर्गात मुलं घोकत, आणि मी विचारलं की खाली पाहत.

त्या वर्षी दोन्ही शाळांची वरच्या वर्गातली मुलं प्रथमच मुंबई विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. नेमलेल्या पुस्तकाशिवाय अनोळखी उतारेही येत. म्हणून शाळा तपासणाऱ्या साहेबांनी आम्हा दोघांना मिळून दोन पूरक पुस्तकं सुचवायला सांगितलं. मी अमरावतीला गेलो. मी मैत्री, कीर्ती, मृत्यू अशा विषयांवरचे निबंध सुचवले. रुईमास्तरांनी एका इंग्रज शेतकऱ्याची रोजनिशी पुढे केली. पेरणी, आजारी गाय, शेजाऱ्याशी बांधावरून झालेलं भांडण, असलं सगळं तिच्यात होतं.

“हे परीक्षेचं इंग्रजी नव्हे,” मी म्हणालो.

“पोराईले मृत्यूवरचा निबंध काहून, मास्तर? त्याईनं अजून जगून नाई पाह्यलं.” मग तेच म्हणाले, “बरं, एक तुमचं, एक माह्यं. यादी तुमीच लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय.”

त्यांनी कोऱ्या कागदावर खाली सही केली आणि कागद माझ्याकडे दिला. अकोल्याला आल्यावर मी त्यावर निबंधांचं पुस्तक लिहिलं. दुसऱ्या ओळीत रोजनिशी लिहायची होती. तिथे मी भाषणांचा एक संग्रह लिहिला, तोही माझ्याच आवडीचा. साहेबांनी यादी मंजूर केली.

पुस्तकं पोहोचल्यावर रुईमास्तर अकोल्याला आले. “माह्यं पुस्तक कोनं काहाडलं?”

“साहेबांनी,” मी म्हणालो.

“बरं,” एवढंच म्हणून ते उठले. गूळपाणीही घेतलं नाही.

निकाल लागला. त्यांची तिन्ही मुलं माझ्याच दोन पुस्तकांवर पास झाली. माझ्या चौघांपैकी एक पास झाला आणि नापास झालेल्या तिघांत माझा धाकटा भाऊ विनायक होता. आमचे वडील गेल्यापासून त्याचं सगळं माझ्याकडेच होतं. तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही. शेवटी आई म्हणाली, “त्याला अमरावतीच्या मास्तरांकडे घाल.” आईनं दुसरं काहीही सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी त्याला घेऊन गेलो. रुईमास्तरांनी विनायकला आत जेवायला पाठवलं. आम्ही दोघंच ओसरीवर उरलो, तेव्हा मी म्हणालो, “यादी मी बदलली होती.”

“मालूम हाय मले. साहेब आलते दिवाळीत. रोजनिशीचं नावबी त्याईनं आयकलं नोतं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? साहेबांना सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती.”

“पोरं तेच पुस्तकं वाचून राह्यले होते. ज्यानं निवडले तो खोटा हाय म्हनलं असतं, त पोराईचं मन उडालं असतं त्याच्यावरून.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “राग आलता मले. लय आलता. तुमच्या भावाले शिकवीन मी. पन तुमी इथं येत नोका जाऊ.”

मी पुन्हा त्या घरी गेलो नाही. विनायक दुसऱ्या वर्षी पास झाला. सुट्टीत घरी आला की जेवताना ‘आमचे मास्तर असं म्हणतात, आमचे मास्तर तसं म्हणतात’ हेच चाललेलं असे. त्याला तीन वर्षं मीही शिकवलं होतं, पण ‘आमचे मास्तर’ म्हणजे कोण हे आमच्या घरात कुणालाच विचारावं लागत नसे. पुढे तोही शिक्षक झाला. मी आजवर त्याला यादीची गोष्ट सांगितली नाही. रुईमास्तरांनीही सांगितली नसावी, कारण तो माझ्याशी अजूनही पहिल्यासारखाच वागतो.

काही वर्षांनी पटकीच्या साथीत रुईमास्तर गेले. निरोप आला तेव्हा विनायक माझ्याकडेच होता. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. वडील गेले तेव्हाही तो इतका रडला नव्हता. मी जवळ बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. आतून आईनं विचारलं, कोण गेलं? उत्तर मला द्यावं लागलं. आणि खरं तेच लिहितो, त्या घटकेलाही माझ्या मनात दुःखाआधी हेच आलं, की मी गेल्यावर हा एवढा रडेल का.